बिनरंगी शाईचे शिक्के

मला खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. घरात शिंकायचं नाही. शिंक आलीच तर अंगणात जायचं, हव्या तेवढ्या शिंका द्यायच्या आणि नाक पुसून आत यायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची, बदली होऊन नुकतीच साखरखेर्ड्याला आलेली मास्तरीण. इतक्या गावांत राहिले, घरमालकांच्या नाना तऱ्हा पाहिल्या, पण शिंकेवर बंदी घालणारा मालक पहिल्यांदाच भेटत होता. मी विचारलं, "का हो काका, अपशकुन होतो का?"

"अपशकुन गेला तेल लावत," ते म्हणाले. "पूड उडते, बाई. तुमी एक शिंक देसान अन् माहं दोन दिसांचं काम भितीले जाऊन चिकटन."

त्यांचं काम म्हणजे शिक्के. रबरी शिक्के. झिजलेल्या चपलेचे तळवे, सायकलचे फाटके टायर, असलं काहीबाही ते बाजारातून गोळा करून आणत आणि दाढीच्या पात्याचा तुकडा बांबूच्या काडीत बसवून त्यावर अक्षरं कोरत. नवं राज्य झालं त्या सुमारास त्यांचं नशीब उघडलं होतं. जिथे तिथे 'मुंबई राज्य' खोडून 'महाराष्ट्र राज्य' करायचं होतं. आसपासच्या गावांतले लोक थैलीत जुने शिक्के घालून त्यांच्याकडे येत. ते सरळ 'मुंबई' तेवढं कापून काढत आणि त्या जागी नवा तुकडा डकवत. "आख्खा शिक्का काऊन फेकाचा?" असं त्यांचं म्हणणं. "राज्य तं थेच हाये ना खाली."

शिक्क्यावर अक्षर उलटं कोरावं लागतं. म्हणून त्यांनी उलटं वाचण्याची सवय ठेवली होती. रोजचं वर्तमानपत्र ते आरशात पाहून वाचत. ओसरीत खांबाला पाठ लावून बसायचे, समोर आरसा, खांद्यावरून वर्तमानपत्र धरलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस बह्याड आहे, चक्क वेडा. महिनाभरानं खात्रीच झाली. आणि दोन वर्षांनी मी त्याच माणसासाठी उन्हातून अनवाणी पळाले, पण ते पुढे सांगते.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. बहिणीला सगळं गाव अक्का म्हणे. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. अक्का कमी बोलायची, पण हाताला चव अशी की तिच्या हातची मिरचीची भाजी खाल्ली की घरची आठवण येईनाशी होई. मला तिनं पहिल्याच आठवड्यात चूल मांडू दिली नाही. "एकट्या जीवाची कायची चूल," म्हणाली आणि माझं ताट तिसरं वाढायला लागली.

तर, बिनरंगी शाई. साधे निळे-जांभळे शिक्के कोणीही मारतो. काकांचा जीव होता तो उठावाच्या कामात. तीही त्यांची स्वतःची विद्या, कोणी शिकवलेली नाही. कंपाउंडरकडून ग्लिसरीन आणायचं, त्यात आणखी काय काय घालायचं ते अक्कालाही सांगितलेलं नव्हतं. सिगारेटच्या पत्र्याच्या डबीत फलालीनचा तुकडा, त्यावर ती शाई जिरवलेली. शिक्का त्यावर टेकवायचा आणि कागदावर मारायचा. कागद कोराच दिसतो, पण ठसा कितीतरी दिवस वाळत नाही, चिकटच राहतो. तिरपा धरून उजेडात पाहिला तर ओलसर चकाकी दिसेल, तीही ज्याला ठाऊक आहे त्यालाच. मग वरून राळेची वस्त्रगाळ पूड भुरभुरायची. कागद कलता करून टिचकी मारायची. सुटी पूड खाली पडते आणि अक्षराला चिकटली तेवढी राहते. मग शेगडीवर पालथा तवा, तव्यावर वीतभर उंच तो कागद चिमट्यानं धरायचा. राळ वितळते, फुगते, चकचकते. अक्षर कागदातून वर येतं. बोट फिरवलं तर लागतं हाताला.

त्या क्षणाला ते 'पिकणं' म्हणत. "कच्चं हाये... कच्चं हाये... थांबा... पिकलं!" आणि कागद झटकन बाजूला. एक क्षण उशीर झाला की अक्षर पिवळं पडून बुडबुडे यायचे. मग ते स्वतःवरच चिडत. "जाळलं बे, जाळलं गध्या," असं स्वतःला म्हणत आणि तो कागद घेऊन अक्काला दाखवायला जात. अक्का तो न पाहताच चुलीत घाली.

प्रकार तरी किती करायचे! पांढऱ्या कागदावर नुसती राळ उठवली की पांढऱ्यावर पांढरा गणपती. राळेत सोनेरी पूड घातली की तोच गणपती सोन्याचा. कधी आधी राळ पिकवायची आणि मग सगळ्या कागदावर गुलाबी पाणी फिरवायचं. राळेखाली रंग शिरत नाही, त्यामुळे गुलाबी कागदावर पांढरी वेल उमटते. कधी तापवायचंच नाही, त्या ओल्या ठशावर गेरू, नीळ, हळद, जे हाताशी असेल ते बोटानं फिरवायचं. पूड नको तिथे चिकटू नये म्हणून कागदावर आधी खडूची भुकटी पुरचुंडीनं आपटून घ्यायची. शाळेतले खडूचे तुकडे मी त्यांना आणून देई. वर्षभरात मी त्यांची निम्मी चेली झाले होते, कबूल करायला काय हरकत आहे.

एकदा कंपाउंडरकडचं ग्लिसरीन संपलं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. मी म्हटलं, साध्या शाईत करा. पण शब्द दिला म्हणजे दिला. त्यांनी गुळाचा पाक पातळ करून त्यावर काम भागवायचं ठरवलं. शिक्के मारून झाले, पत्रिका ओळीनं ओसरीत मांडल्या, राळ चाळायला म्हणून ते आत गेले. परत येतात तर काय! पत्रिकेवर काळ्याभोर अक्षरात 'सस्नेह निमंत्रण', आणि ते निमंत्रण चालतंय. मुंग्या हो! एकूणएक अक्षराला मुंग्या लागलेल्या, काना-मात्रा न सोडता. मी कपाळाला हात लावला. काका मात्र गुडघ्यावर बसून पाहत राहिले. "वेलांटी पाहा, बाई, वेलांटी! इतकी सुबक वेलांटी म्यां सोता कधी कोरली नाही." मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मी रात्री बसून सगळ्या पत्रिका हातानं लिहिल्या.

आता मुद्द्याचं. एका दुपारी मी ओसरीत खडू तासत बसले होते. शेजारी काकांकडून शिक्के फुकट करून घेणाऱ्या एका बड्या असामीनं पाठवलेलं जेवणाचं बोलावणं पडलेलं, काकांच्या नावचं. खडूची भुकटी त्यावर सांडली. मी ती झटकली, तर कोपऱ्यात पांढरी अक्षरं राहिली. 'फुकट्या'. मी दचकलेच. मग आणखी चार कागद घेतले, त्यावर भुकटी टाकली. वाण्याच्या पत्रावर 'लबाड'. पोस्टमननं आणलेल्या पाकिटावर 'भला'. आमच्या हेडमास्तरांच्या चिठ्ठीवर 'चिक्कट'.

काका आले तेव्हा मी ते सगळे कागद पुढे मांडून परीक्षकासारखी बसले होते. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. गुपचूप आत गेले आणि एक चपटा डबा घेऊन आले. डब्यात नखाएवढे शिक्के. लबाड, भला, चिक्कट, फुकट्या, खरं, खोटं. असे वीसेक तरी असतील.

"कोणाले सांगू नका, बाई."

"अहो पण हे कशाला?"

"तोंडानं बोललं का लोकायले लागते. अन् नाही बोललं तं माह्या पोटात दुखते." ते डब्याचं झाकण उघडझाक करत होते. "असा शिक्का मारला का मन मोकळं होते. त्याले दिसत नाही, मले दिसते. दोघायचंही भागलं."

आणि खरंच, मी त्या माणसाच्या तोंडून कोणाबद्दल वाईट ऐकलं नव्हतं. तोंडावर नाही, पाठीमागे नाही. वाण्यानं यांना कमी माप दिलं तरी हे "राम राम" म्हणून येणार आणि घरी आल्यावर त्याच्या पुड्याच्या कागदाला शिक्का मारणार. मी म्हटलं, "मी आल्यावर खोलीसाठी दिलेल्या अर्जावर काय मारलं होतं?" ते म्हणाले, "थे नाही सांगत." मीही मग विचारलं नाही.

माझ्या लग्नाचं आता सांगते. माझे बाबा संग्रामपूरकडचे. घरची शेती, खाऊनपिऊन सुखी. पण पोरगी शिकली, नोकरीला लागली आणि वय वाढत गेलं, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं. दोन ठिकाणांहून नकार आला. एक म्हणाले, मास्तरीण घरात येऊन आमच्यावरच मास्तरकी करील. दुसऱ्यांनी वय ऐकलं आणि चहा न घेता उठले. तिसरं स्थळ दुसरबीडचं. मळेवाले लोक, वांगी-मिरचीचा मळा, विहिरीला बारमाही पाणी, मुलगा मॅट्रिक पास. मुलाचं वय चोवीस. मी सव्वीस.

बाबांनी सांगून टाकलं, मुलगी बावीस वर्षांची आहे.

मला हे मुलगा पाहायला येऊन गेल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता, कारण मुलगा मला आवडला होता. आवडला म्हणजे काय, त्यानं मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलंच नाही. खाली मान घालून बसला होता, आणि उठताना एकच बोलला, "तुमच्या शाळेत पोरी येतात म्हणे. आमच्या गावात एकही येत नाही. काऊन येत नसतीन?" मी त्याला तीन कारणं सांगितली. त्यानं ती ऐकून घेतली. माझं बोलणं पुरुषमाणूस शेवटपर्यंत ऐकून घेतोय, हे मला नवीनच होतं.

मी बाबांना म्हटलं, "सांगून टाकू या."

"गप राय तू," ते म्हणाले. "पोट्टी पोट्ट्याहून मोठी, हे कोण आयकून घेईन? हे मोडलं तं मंग जलमभर खडू तासत बस."

आणि मी गप्प बसले. आजही लाज वाटते, पण बसले खरी. मोडायला नको होतं मला ते.

यादीची बैठक साखरखेर्ड्यालाच ठरली, काकांच्या ओसरीत. दुसरबीड तिथून जवळ, आणि आमचं घर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. यादी म्हणजे दोन्हीकडच्यांनी लग्न ठरल्याचा लिहायचा कागद. मुलामुलीचं नाव, वय, गाव, लग्न कुठे, कोणी काय करायचं. कागद लिहिला की त्याला हळदकुंकू वाहायचं, मग तो पक्का. बाबा आदल्या दिवशी मोटारीनं आले आणि काकांचं अक्षर पाहून म्हणाले, "यादी तुमीच लिहा. अन् वरती थो तुमचा उठावाचा गणपती."

काका लिहायला बसले. मी दारात उभी होते. "मुलीचं वय?"

"बावीस," बाबा म्हणाले.

टाक थांबला. काकांनी वर माझ्याकडे पाहिलं. माझ्या सर्टिफिकेटांच्या नकलांवर 'खरी नक्कल' हा शिक्का त्यांनीच कोरून, मारून दिला होता. माझी जन्मतारीख त्यांना तोंडपाठ. मी नजर खाली घातली. त्यांनी टाक पुसला, शाईत बुडवला आणि लिहिलं, बावीस. मग "गणपती उठवून आणतो," म्हणत कागद घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा गणपती सुरेख पिकलेला होता. बाकी कागद स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी दुसरबीडची मंडळी आली. मुलाचे आईवडील आणि मुलगा. येताना वांग्यांची टोपली. पाणी झालं, चहा झाला. मी आणि अक्का माजघराच्या दारात. काका खांबापाशी. मुलाच्या वडिलांनी यादी मोठ्यानं वाचली. "वय बावीस" आलं तेव्हा मी पदराचं टोक चावत होते. पुढे मुलाचं आलं, "शिक्षण मॅट्रिक पास," आणि ते खाकरले. दोघांनी सह्या केल्या. अक्कानं हळदकुंकवाचं ताट पुढे सरकवलं.

मुलाच्या वडिलांनी कुंकवाची चिमूट उचलली. तेव्हा, अगदी तेव्हा, माझ्या डोक्यात लख्ख पडलं. काकांनी कागद आत नेला होता. खोटा कागद त्यांच्या हातून बिनशिक्क्याचा बाहेर जाईल?

मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही तेव्हाच समजलं असावं. इतकी वर्षं हा माणूस पुडीशी खेळत होता, गेरू म्हणू नका, हळद म्हणू नका, आणि यादीवर कुंकू वाहतात हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं! ते अर्धवट उठले, हात पुढे केला. पण कुंकू पडलं होतं. चार कोपऱ्यांवर पडलं, मध्ये पडलं, आणि उरलेलं ताटात परत जावं म्हणून मुलाच्या वडिलांनी कागद कलता करून खालून टिचकी मारली. काकांनीही इतकी नेमकी टिचकी कधी मारली नसेल.

खालच्या समासात लालभडक अक्षरं. 'खोटं'.

 काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी विसरणार नाही, आणि चपलाही न घालता ते पायऱ्या उतरून निघून गेले. मुलाचे वडील कागद डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते. वरती गणपती, खाली कुंकवात उमटलेला शब्द.  संपलं, मी मनात म्हटलं. गेलं हे स्थळ.

त्यांनी कागद पाटावर ठेवला आणि गणपतीला हात जोडले.

"चुकलं, देवा," ते म्हणाले. "पाहुणे, खोटंच हाये थे. पोरगं मॅट्रिक पास नाही. दोन डाव बसला, दोन्ही डाव इंग्रजीत गेला. पोरगी मास्तरीण हाये म्हणून म्यां तुमाले पास सांगतलं."

मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. आणि आमचे बाबा! त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते सांगायला नको, पण सांगते. त्यांना आनंद झाला होता. ते गादीवर सरसावून बसले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या हो, पाहुणे. मॅट्रिकचं काय घेऊन बसले. माणसाच्या हातून होते एखांदी चूक."

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! तो बिचारा माणूस देवासमोर हात जोडून बसलाय, आणि हे त्याला माफ करतायत. मी गप्प राहिले असते तर सगळं जुळलं असतं. कोणाला कधी कळलं नसतं. बाबांचा डोळा मला तेच सांगत होता. मी उंबरा ओलांडला.

"बाबा, आपलंही सांगा."

"तू आत जाय."

"नाही जात. तो शब्द तुमच्यासाठी नाही," मी मुलाच्या वडिलांना म्हटलं. "आमच्यासाठी आहे. मी बावीस वर्षांची नाही. मला सव्वीस पूर्ण झालीत. तुमच्या मुलापेक्षा मी दोन वर्षांनी मोठी आहे, आणि मला हे माहीत असून मी गप्प बसले होते."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगा माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, आता उठतील. मी त्यांच्या पायांकडेच पाहत राहिले, कोण आधी उठतं ते.

तेवढ्यात मुलाची आई हसली. आधी पदराआड, मग मोकळी. "आता सारेच खरं बोलून राह्यले तं मीही बोलून टाकतो," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे हात केला. "हे माह्यापरीस तीन वर्सानं लहान हायेत."

"कोण?" मुलाचे वडील म्हणाले. "मी?"

"हाव, तुमी."

"अन् मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं काय?"

"इतके वर्स झाले!"

"मंग? काही बिघडलं काय इतक्या वर्सांत?"

त्या माणसानं बोटांवर लग्नाची वर्षं मोजली. आणि मग ते जे हसायला लागले, ते थांबेचनात. बाबाही हसले, आधी घाबरत, मग पोट धरून. मुलगा तेवढ्या गोंधळात मला हळूच म्हणाला, "मले एक डाव अखीन बसाचं हाये परीक्षेले. इंग्रजीच राह्यलं. तुमी शिकवसान काय?"  मी हो म्हटलं. म्हणजे परीक्षेलाही आणि बाकीच्यालाही.

मुलाचे वडील डोळे पुसत म्हणाले, "नवी यादी लिहा आता, खरीखुरी. कुठं गेले तुमचे लिहिणारे?"

तेव्हा मला आठवलं. अक्का माजघरात भिंतीला टेकून उभी होती, हसत होती की रडत होती कोण जाणे. मला आत ओढून म्हणाली, "जा, पहिले त्याले आण. थो कुठीतरी तोंड लपवून बसला असन."

"इतकं काय झालं पण? जुळलं ना सगळं."

"त्याले कुठं मालूम हाये जुळलं म्हणून." अक्कानं डोळ्याला पदर लावला. "माही यादी बी ह्याच ओसरीत झाली व्हती. पाहुण्यायनं इचारलं, पोरीले काही दुखणं हाये काय? बाबा म्हणे, नाही. अन् ह्यो, पंधरा वर्साचा, मधातच उठून म्हणे, हाये, फिट येते तिले. एकच डाव आली व्हती, तापात. पाहुणे तसेच उठून गेले. मंग कोणी आलंच नाही. तवापासून थो तोंडानं कोणाले काही म्हणत नाही."

 "तुम्हाला राग नाही आला, अक्का?"

"आला ना. लय वर्स व्हता." तिनं नाक पुसलं. "पण खोटं तं नाही बोलला ना थो. जा तू."

मी पळाले. चपला शोधायला वेळ नव्हता. भर दुपार, पाय भाजत होते. पाराजवळ नाहीत, बाजाराच्या आवारात नाहीत. एक बाई म्हणाली, मळ्याच्या विहिरीकडे जाताना पाह्यलं. विहीर! मी साडी वर खोचून धावत सुटले, गावानं काय म्हणायचं ते म्हणो.

काका विहिरीपाशी होते. काठावर नाही, देवा तुझे उपकार, पाटाच्या बाजूला. भाजलेले तळवे पाटाच्या पाण्यात सोडून, गुडघ्यात मान घालून बसले होते. मी जवळ जाऊन धापा टाकत उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण उठलं पहिले?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही उठलं."

"मले बरं वाटावं म्हणून नको सांगू, पोरी." दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'पोरी' म्हटलं. "त्याचा बाप उठला असन पहिले. बापच उठते."

"काका, कोणी नाही उठलं. सगळे ओसरीत बसून हसतायत. मी सगळं खरं सांगितलं आणि तरी जुळलं. नवी यादी लिहायची आहे, तुमच्यासाठी खोळंबलेत. अक्कानं पाठवलंय मला."

"अक्कानं?"

"हो. अक्कानं."

ते उठले. पाय धड पुसले नाहीत, तसेच चिखलाचे निघाले. चार पावलं जातात न जातात तोच थांबले. "कोणीच उठलं नाही?" मी म्हटलं, नाही काका. पुन्हा चालले. पाराजवळ आले आणि पुन्हा तेच. माझेही डोळे वाहत होते. वर्गात एखादी गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली की मी पट्टी आपटते. पण त्या दिवशी घर येईपर्यंत त्यांनी मला सात वेळा विचारलं आणि सातही वेळा मी सांगितलं, कोणीच नाही उठलं, काका, सगळे बसलेत.